चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं दुकान कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत. शिक्षण ऑप्टोमेट्रीचं, पोट चष्म्यावर. रोज तेच प्रश्न येतात. काही तोंडावर विचारले जातात, काही दाराबाहेर गेल्यावर एकमेकांत. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतोय. कुठे लांबलं असेल तर तो विषयच तसा आहे.

चष्मेवाला, ऑप्टिशियन, ऑप्टोमेट्रिस्ट, डोळ्यांचे डॉक्टर. सगळे एकच ना?

नाही, आणि या गोंधळातच निम्म्या तक्रारी जन्माला येतात.

डोळ्यांचे डॉक्टर आधी एमबीबीएस होतात, मग डोळ्यांच्या विषयात पुढचं शिक्षण घेतात. रोगाचं निदान, औषध, इंजेक्शन, ऑपरेशन हे त्यांचं काम. ऑप्टोमेट्रिस्ट चार वर्षांची पदवी घेतो, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. जुन्या पिढीत डिप्लोमावाले पुष्कळ आहेत. तो नंबर काढतो, डोळ्यात बिघाडाची काही खूण दिसते का ते पाहतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवून देतो. ऑप्टिशियन म्हणजे नंबराच्या कागदावरून काच आणि फ्रेम निवडून देणारा, मापं घेणारा, काच घासून फ्रेममध्ये बसवणारा. हे कसबाचं काम आहे. पण डोळे तपासणं वेगळं.

आपल्या देशात ऑप्टोमेट्रीच्या पहिल्या शाळा १९५८ साली अलीगढ आणि हैदराबादला निघाल्या, चार वर्षांची पदवी १९८५ मध्ये चेन्नईला सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव चष्म्याची दुकानं होती आणि वडिलांचं बघून मुलगा नंबर काढायला शिकत होता. त्यामुळे बाहेर पाटी 'ऑप्टिशियन' अशी असली तरी आत तपासायला कोण बसलंय, ते पाटीवरून कळत नाही.

मग तपासणाऱ्याला शिक्षण विचारलं तर चालेल? त्याला वाईट वाटेल.

विचारा. आम्हाला वाईट वाटायचं कारण नाही, आणि ज्याला वाटतं त्याच्याकडे परत जायचं कारण नाही. "आपण ऑप्टोमेट्रिस्ट का?" एवढं साधं वाक्य पुरतं.

२०२१ मध्ये संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स अ‍ॅक्ट मंजूर केला. त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा व्यवसाय नावानिशी आहे, आणि राज्यांनी परिषदा नेमून व्यावसायिकांची नोंदवही ठेवायची अशी तरतूद आहे. म्हणजे 'कोण तपासतंय' हा प्रश्न आता नुसता भोचकपणा राहिलेला नाही. दुकानात रंगीत काचेचं कपाट आणि मोठं मशीन असणं म्हणजे शिक्षण नव्हे. उलट भिंतीवरचं जुनं, धूळ बसलेलं प्रमाणपत्र खरं असू शकतं.

डोळे तपासायला आलो तर शुगर, गोळ्या, घरात कोणाला काय, ही चौकशी कशाला?

कारण अर्धं उत्तर तिथेच असतं.

मागच्या पावसाळ्यात एक रिक्षावाले आले. चार महिन्यांत दुसरा चष्मा, तोही लागेना. खिशातून दोन्ही चष्मे काढून काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "सगळे चोर आहेत." पहिल्या दुकानाचा नंबर एक, दुसऱ्याचा दुसरा, आणि माझ्याकडे तिसराच निघाला. तिघंही बरोबर होते. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगात पाणी शिरतं, ते फुगतं आणि नंबर सरकतो, बहुधा उणे बाजूला. साखर उतरली की परत येतो. त्यांना मी विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" उत्तर ऐकल्यावर चष्मा विकला नाही. आधी रक्त तपासून या म्हटलं. साखर ताब्यात आल्यावर काही आठवडे थांबून नंबर काढला आणि तोच टिकला.

औषधांचंही तसंच. टीबीच्या उपचारातली इथॅम्ब्युटॉल ही गोळी काही जणांच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम करते. नजर मंदावते, लाल-हिरवा रंग फिका वाटू लागतो. संधिवातासाठी दिली जाणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं चालू असेल तर डोळ्याच्या आतला पडदा वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. स्टेरॉइडने मोतीबिंदूही होतो आणि काचबिंदूही. ही माहिती तुम्ही सांगितली नाहीत तर मी बापडा काचा बदलत बसतो.

आणि कामाचं विचारतो ते वेगळ्या कारणासाठी. सोनाराचं काम वीतभर अंतरावर, शिंप्याचं हातभर, बँकेतल्या कॅशियरचं स्क्रीनवर आणि नोटांवर एकाच वेळी. 'जवळचा नंबर' असा सगळ्यांना सरसकट एक नसतो. तक्त्यावरची बारीक ओळ वाचून दाखवलीत आणि घरी गेल्यावर सुईत दोरा ओवता आला नाही, तर तपासणी माझी चुकली.

कॉम्प्युटरने नंबर काढलात, मग परत काचा घालून का विचारत बसता?

त्या मशीनचं नाव ऑटोरिफ्रॅक्टोमीटर. आत फुगा किंवा रस्त्याच्या टोकाला घर दिसतं ना, तेच. बाहेर आलेल्या चिठ्ठीवर प्रत्येक डोळ्याची दोन-तीन मापं आणि खाली सरासरी असते. ती सुरुवातीची जागा आहे. तिथून पुढे चालायचं असतं.

मशीन डोळ्याचं माप घेतं, माणसाला काय दिसतं ते त्याला कळत नाही. शिवाय आत डोकावताना आपण नकळत जवळ बघायचा जोर लावतो. लहान मुलं आणि तरुण तर हमखास. मग मशीन जास्तीचा उणे नंबर दाखवतं. कोणी ती चिठ्ठी तशीच काचवाल्याकडे धाडली तर मुलाला नको तेवढा नंबर चिकटतो आणि संध्याकाळी डोकं दुखतं. काही तपासणारे आजही हातातल्या रेटिनोस्कोपने, अंधारात बाहुलीतल्या प्रकाशाची हालचाल बघून नंबर काढतात. नीट जमलं तर ते मशीनला मागे टाकतं. ज्याच्या हातात हे दिसेल त्याच्याकडे बिनधास्त बसा.

त्यानंतर ती जड गोल फ्रेम नाकावर येते आणि दोनशेहून जास्त भिंगांच्या डब्यातून एकेक काच. "हे बरं, की हे?" एकेक डोळा, मग सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेत लागणाऱ्या नंबराचा, कोन, मग लाल-हिरव्या पट्टीवर कुठली अक्षरं ठसठशीत, शेवटी दोन्ही डोळे मिळून. नंतर हातात वाचायचा तक्ता. चष्मा घालून चार पावलं चालायला लावतो, दाराबाहेरची पाटी वाचायला लावतो. हे सगळं पाच मिनिटांत होत नाही. एका डोळ्याची काच बदलली न बदलली तोच "झालं" म्हणणाऱ्याने तपासणी केलेली नाही.

तक्त्याचं एक गुपित सांगतो. ६/६ ची, म्हणजे निरोगी नजरेची, ओळ सहा मीटरवरून वाचायची असते, तिची अक्षरं जेमतेम नऊ मिलिमीटर उंच. आमची दुकानं दहा फूट खोल. म्हणून समोर आरसा आणि तुमच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांचा तक्ता. तुमच्यापासून आरसा तीन मीटर, आरशापासून तक्ता तीन मीटर. ना आरसा, ना जवळच्या अंतरासाठी छापलेला तक्ता, आणि माणूस आठ फुटांवर बसवलाय, असं दिसलं तर तिथला ६/६ फुकटचा आहे.

'हे बरं की ते' याचं उत्तर चुकलं तर?

चुकत नाही. "दोन्ही सारखंच" हेही उत्तरच आहे, किंबहुना आम्हाला हवं ते उत्तर. मी तेच वेगळ्या रीतीने फिरवून विचारतो ते तुम्हाला पकडायला नव्हे, माझी खात्री करायला. अक्षर ओळख नसेल तर इंग्रजी ई च्या आकाराच्या फण्या कुठल्या दिशेला आहेत ते बोटाने दाखवायचं. देवनागरी तक्ताही असतो. "मला शिकायला मिळालं नाही" असं खालच्या आवाजात सांगायची कोणावर वेळ येऊ नये. ती काळजी घेणं तपासणाऱ्याचं काम.

नंबर सोडून आणखी काय बघता?

नंबर काढणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं तुम्हाला दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे जड वाटतात.

चष्मा हातात घेण्याआधीच चालण्याकडे, मान वाकडी धरून बघता का याकडे लक्ष असतं. टॉर्च मारून दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, प्रकाशाला सारख्याच आकसतात का, ते बघतो. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली आणि बाहुली आकसायच्या ऐवजी पसरली, तर त्या डोळ्याच्या नसेत किंवा पडद्यात मोठा बिघाड आहे. तो चष्म्याने सुटणार नाही. डोळे चारी दिशांना फिरतात का, एक झाकल्यावर दुसरा हलतो का, पापण्यांच्या कडा, बुबुळावर डाग, पांढऱ्यावर लाली, हे सगळं ओघात होतं.

मग ती बारीक छिद्राची काळी चकती. तक्ता धूसर दिसत असेल तर त्या छिद्रातून बघायला लावतो. अक्षरं सुधारली तर दोष बहुतेक नंबराचा आहे, काच शोधली की मिटेल. सुधारली नाहीत, उलट बिघडली, तर मोतीबिंदू, पडदा, नस यांपैकी कुठेतरी पाणी मुरतंय. दहा रुपयांचं प्लास्टिक, पण माझ्या दुकानातलं सगळ्यात प्रामाणिक उपकरण तेच. घरी जाड पुठ्ठ्याला सुईने भोक पाडूनही हा प्रयोग करता येतो. मात्र तेवढ्यावर निदान ठरवू नका.

काही दुकानांत हवेच्या झोताने डोळ्याचा दाब मोजतात. साधारण १० ते २१ हे नेहमीचं मानतात. पण आकडा त्यात बसला म्हणजे काचबिंदू नाही, असं नाही. दाब नेहमीचा असूनही नस झिजते, अशी माणसं आहेत. नसेचा चेहरा बघावा लागतो, नजरेचं क्षेत्र मोजावं लागतं, आणि ते डॉक्टरांकडे. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर ही तपासणी टाळू नका. हा सावकाश वाढणारा काचबिंदू दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही.

आमच्याकडे बाहुली मोठी करून पडदा बघत नाहीत. म्हणून "दुकानात तपासलं, सगळं ठीक आहे" याचा अर्थ आम्ही पाहिलं तेवढं ठीक आहे, असाच घ्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडद्याची तपासणी वेगळी करून घ्यायची, नंबर एकाच जागी ठाण मांडून बसला असला तरी.

चष्मा न देता डॉक्टरांकडे कधी पाठवता?

हा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत. त्यांनी विचारावा अशी माझी फार इच्छा असते.

लगेच, त्याच तासाला: डोळ्यात चुना, अ‍ॅसिड, बॅटरीचं पाणी गेलं असेल तर. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान पोर दाबतं आणि ती डोळ्यात फुटते. हे आमच्याकडे नवीन नाही. आधी स्वच्छ पाण्याने पंधरा ते तीस मिनिटं डोळा धुवा, चुन्याचे कण काढा, मग गाडी काढा. कसलाही थेंब शोधत बसू नका. एका डोळ्याची नजर अचानक गेली, अचानक एकाचे दोन दिसायला लागले, एक पापणी लोंबली आणि बाहुली मोठी झाली, तर दुकानात नव्हे, थेट दवाखान्यात.

त्याच दिवशी: डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होतंय, एकदम काळे ठिपके आणि जाळी वाढली, कडेने पडदा सरकतोय असं वाटतंय. डोळ्याच्या आतला पडदा फाटत किंवा सुटत असल्याची ही लक्षणं आहेत, आणि इथे तासांचा हिशेब असतो. डोळा लाल, डोकं फुटतंय, उलटी, दिव्याभोवती रंगीत वलयं, यात काचबिंदूचा तडाखा असू शकतो. लोक पित्त समजून सोडा पितात.

आणि आमच्या भागातली खास गोष्ट, ऊस. पान डोळ्याला चाटून गेलं, दोन दिवस खुपलं, मेडिकलमधून कुठलातरी थेंब आणला, आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका. शेतातल्या काडीकचऱ्याने झालेल्या जखमेत बुरशी वाढते आणि त्यावर स्टेरॉइडचा थेंब पडला तर ती फोफावते. गळिताच्या हंगामात अशी माणसं माझ्याकडे 'चष्म्याचं बघा जरा' म्हणत येतात. मी टॉर्च मारतो आणि उठवतो.

एक आनंदाची तक्रारही सांगायला हवी. सत्तरीच्या आजी नातवाला घेऊन आल्या, हातात पोथी. "चष्म्याशिवाय वाचता येतंय रे, माझी चाळिशी गेली!" नातू पेढे वाटायच्या बेतात. दूरचं विचारलं तर समोरच्या एसटीची पाटीही दिसेना. मोतीबिंदू पिकत जाताना मधल्या काळात उणे नंबर चढतो आणि जवळचं उघड्या डोळ्यांनी दिसू लागतं. काही महिन्यांचं सुख आहे ते. आजींचा हिरमोड केला, पण ऑपरेशननंतर त्याच पोथीसाठी चष्मा न्यायला आल्या.

पाठवता ते कमिशनसाठी, असं लोक म्हणतात.

म्हणतात, आणि ते निराधार असतं तर मला एवढं बोचलं नसतं. सुरुवातीला मी एका मोठ्या दुकानात नोकरीला होतो. तिथे महिन्याच्या शेवटी दोन हिशेब मांडले जात: किती तपासण्यांतून किती चष्मे निघाले, आणि किती पेशंट 'वर' पाठवले. पहिला आकडा कमी पडला की बोलणी बसत. ज्याला नवीन नंबराची गरज नाही त्याला पाव नंबर वाढवून द्यायला मी तिथेच शिकलो आणि तिथेच सोडलं.

कसोटी सोपी आहे. पाठवणाऱ्याने चिठ्ठीवर काय दिसलं ते लिहिलंय का? "उजव्या डोळ्याला चष्म्यासह ६/१८, छिद्रातून सुधारणा नाही, डाव्याला ६/६, मधुमेह दहा वर्षं, पडदा पाहावा" अशी चिठ्ठी कुठल्याही डॉक्टरांकडे चालते. जिल्हा रुग्णालयातही चालते. चिठ्ठीवर फक्त एका हॉस्पिटलचं नाव आणि दुकानाचा शिक्का असेल तर तुमची शंका रास्त आहे. आणि नंबर पाव किंवा अर्ध्याने बदललाय, जुन्या चष्म्यातून तुम्हाला नीट दिसतंय, तर "बदलायची गरज नाही" हे वाक्य ऐकायला मिळायला हवं. ते बोलणं धंद्याला महाग पडतं. मलाही पडतं.

लहान मुलांचा नंबर दुकानात काढावा का?

पहिला नंबर शक्यतो डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच. मुलांच्या डोळ्याची जवळ बघायची ताकद एवढी असते की खरा नंबर ती झाकून टाकते. ती सैल करायला औषध घालावं लागतं. अ‍ॅट्रोपिनचं मलम असेल तर दोन-तीन दिवस, दुसरे थेंब असतील तर तास-दीड तासात. हे औषध आम्ही घालत नाही. अधिक चिन्हाचा नंबर आणि तिरळेपणा असेल तर यात तडजोड नाहीच.

एक डोळा चांगला आणि दुसऱ्याचा नंबर मोठा असेल तर मूल तक्रार करत नाही, एका डोळ्यावर सगळं निभावतं. मेंदू मग दुसऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. हा आळशी डोळा. सात-आठ वर्षांच्या आत पकडला तर उपचाराला चांगली दाद देतो, नंतर अवघड होत जातं. म्हणून शाळेत घालण्याआधी एकदा तरी एकेक डोळा झाकून तपासून घ्या. "आमच्या घरात कोणाला चष्मा नाही" हे त्यावरचं उत्तर नाही. फोटोत फ्लॅशमुळे एका बाहुलीत पांढरी चकाकी दिसते का, तेही बघा. तसं दिसलं तर आठवडाही घालवू नका, पडद्याचा कर्करोग तसा दिसू शकतो.

सतत डोळे चोळणारा, अ‍ॅलर्जीचा मुलगा आणि दरवर्षी वाढणारा सिलिंडर नंबर ही जोडी दिसली की मी नवा चष्मा द्यायच्या आधी बुबुळाचा नकाशा काढायला पाठवतो. बुबुळ शंकूसारखं पुढे येतंय का ते त्यात कळतं.

डोळे आलेत, एखादा थेंब द्या ना.

नाही. औषध लिहून देणं ऑप्टिशियनच्या किंवा ऑप्टोमेट्रिस्टच्या अधिकारात बसत नाही, ओळख कितीही जुनी असली तरी. मागच्या वेळचा उरलेला थेंबही घालू नका. बाटली फोडून महिना झाला असेल तर ती टाकून द्या. तुपाचं बोट, मध, गुलाबपाणी, कोणाचं तरी दूध, हेही नको.

नंबराचा कागद मागितला तर दुकानदार नाखूश होतात. कागद कोणाचा?

तुमचा. तपासणीचे पैसे घेतले असोत वा नसोत, चष्मा तिथे करा वा न करा.

त्यावर तारीख, तपासणाऱ्याचं नाव आणि शिक्षण, प्रत्येक डोळ्याचा गोल नंबर, सिलिंडर, त्याचा कोन, जवळसाठीची वाढ, आणि चष्म्याने किती दिसतं ते दूरसाठी ६/६ किंवा जवळसाठी एन ६ अशा रूपात असायला हवं. अधिक-उणेचं चिन्ह ठळक. उण्याचं अधिक झालेला कागद मी स्वतः पाहिलाय, कारकुनी चूक, पण घालणाऱ्याला जिना दिसेना. नंबर चारच्या वर असेल तर काच डोळ्यापासून किती लांब होती तेही महत्त्वाचं, कारण अंतर बदललं की काचेची ताकद बदलते.

दोन बाहुल्यांमधलं अंतर, आम्ही पीडी म्हणतो ते, पुष्कळ दुकानं कागदावर लिहीत नाहीत. ऑनलाइन चष्मा मागवाल म्हणून. ते माप चष्मा बसवताना लागतं, मी विचारल्यावर लिहून देतो. पण मग ऑनलाइन आलेला चष्मा बसत नाही म्हणून भांडायला माझ्याकडे येऊ नका, एवढीच विनंती.

नवीन चष्म्याने गरगरतं. सवय होईल म्हणतात. किती दिवस?

सिलिंडर नवा असेल किंवा पहिलाच प्रोग्रेसिव्ह (वरून दूरचं, खालून जवळचं दाखवणारी बिनरेघेची काच) असेल तर आठवडा-दोन आठवडे द्या. जमीन वर आल्यासारखी वाटणं, दाराची चौकट तिरकी दिसणं हे निवळतं. त्यानंतरही त्रास असेल तर 'सवय' हा शब्द ऐकून घेऊ नका.

तपासणाऱ्याने तेव्हा तीन गोष्टी बघायच्या: कागदावरचा नंबर, काचेतला नंबर, आणि काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर आहे का. उणे ६ च्या काचेचा मध्य नुसता ५ मिलिमीटर सरकला तरी तीन प्रिझमचा (काच नजर किती बाजूला ओढते त्याचं हे माप) ओढा तयार होतो, आणि दिवसभर डोळे तो ओढा सावरत बसतात. चूक आमची असेल तर काच फुकट बदलून देणं हे कर्तव्य आहे, मेहेरबानी नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं. त्यासाठी पावती आणि नंबराचा कागद जपून ठेवा.

ड्रायव्हिंग लायसन्ससाठी डोळ्यांचं सर्टिफिकेट द्याल?

मी नंबर काढून देईन, सर्टिफिकेट नाही. चाळिशीच्या वरच्यांना आणि प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवणाऱ्यांना लागणारा फॉर्म १-ए नोंदणीकृत डॉक्टरांनीच भरायचा असतो. बाकीच्यांसाठी फॉर्म १ मध्ये स्वतःचं निवेदन असतं. त्यात, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का, चष्मा असल्यास चष्म्यासह, असा प्रश्न आहे. सही ठोकण्याआधी खरंच पंचवीस मीटर मागे जाऊन बघा. पुष्कळ जण दचकतात.

मुलीचा नंबर किती, हे सांगाल का?

कोणाच्या? हा प्रश्न फोनवर येतो, आणि विचारणारे मुलीचे आई-बाप नसतात. स्थळ बघायला आलेले असतात. "तुमच्याकडेच चष्मा करते म्हणे, उणे किती आहे हो?" एकदा तर एक गृहस्थ समोर बसून पेढ्याचा बॉक्स पुढे करत विचारत होते.

सांगत नाही. नवऱ्याला बायकोचा आणि कंपनीला कामगाराचाही नंबर त्यांच्या संमतीशिवाय सांगत नाही. नोंदवही माझ्या कपाटात असली तरी आतली माहिती तुमची. हे इतर दुकानांतही पाळलं जावं, म्हणून तपासणी चारचौघांत, रांगेतल्या लोकांसमोर मोठ्याने आकडे वाचत होत असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

मुलगा इंग्लंडला आहे. तिथे म्हणे नियम कडक आहेत?

नंबर काढणं आणि बिघाडाची खूण शोधणं, ही आमची दोन अर्धी कामं तिथे कायद्याने एकत्र बांधलीत. १९८९ च्या ऑप्टिशियन्स अ‍ॅक्टप्रमाणे नजर तपासायचा अधिकार नोंदणीकृत ऑप्टोमेट्रिस्टला किंवा डॉक्टरला. नुसता चष्मा बनवून देणारा डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन नंबर काढू शकत नाही. तपासताना इजा, रोग किंवा विकृतीची लक्षणं आहेत का हे पाहावंच लागतं. तपासणी संपताच नंबराचा कागद किंवा 'चष्म्याची गरज नाही' असं लेखी, आणि डॉक्टरांकडे पाठवलंय की नाही तेही लेखी द्यावं लागतं. कागद घेऊन तुम्ही कुठेही जा. नोंदणीचं काम जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे आहे.

तिथला एक खटला आमच्या व्यवसायात सगळ्यांनी वाचलाय. फेब्रुवारी २०१२ मध्ये इप्सविच इथे एका लहान मुलाचे डोळे नेहमीप्रमाणे तपासले गेले. पडद्याचे फोटो काढलेले होते, त्यात डोळ्याच्या नसेला सूज दिसत होती, म्हणजे डोक्यात दाब वाढलेला. ते फोटो नीट पाहिलेच गेले नाहीत. मूल जुलैमध्ये दगावलं. ऑप्टोमेट्रिस्टला २०१६ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं. २०१७ मध्ये अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली: तपासणी केली असती तर काय कळलं असतं यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष हाताशी असलेल्या माहितीवरून मृत्यूचा धोका दिसत होता का, यावर गुन्हा ठरतो. गुन्हा टिकला नाही, तरी तपासायचं कर्तव्य होतं आणि ते झालं नाही, हे कोणी नाकारलं नाही. तेव्हापासून फोटो काढला की तो मी लगेच, माणूस समोर असतानाच बघतो.

मुलाकडे राहायला जाणार असाल तर इथला कागद आणि जादा चष्मा सोबत न्या. तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीशिवाय चष्मा विकता येत नाही. नातवाचा चष्मा मोडला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येणार नाही.

फुकट शिबिरात तपासलं, चालेल ना?

मोतीबिंदू आणि मोठा दोष शोधायला शिबिर उत्तम, शेकडो लोक त्यातूनच ऑपरेशनपर्यंत पोचतात. पण मंडपात, उन्हाच्या तिरिपेत, दोन मिनिटांत काढलेल्या नंबरावर प्रोग्रेसिव्ह करायला टाकू नका.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने नंबर काढता येतो का?

अंदाज येतो. टॉर्च मारायला अ‍ॅप येत नाही.

किती दिवसांनी तपासून घ्यावं?

मुलांचा नंबर असेल तर सहा महिने ते वर्ष. चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा, मधुमेह किंवा घरात काचबिंदू असेल तर दर वर्षी आणि डॉक्टरांकडे. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर वर्षातून एकदा, आणि नळाच्या पाण्याने लेन्स धुणारे असाल तर उद्याच. येताना जुना चष्मा घेऊन या, तडा गेलेला असला तरी. "तो फेकून दिला" हे मी रोज ऐकतो, आणि दर वेळी वाटतं, माझा पाऊण तास याने सोबत फेकला.